झुंजूमुंजूला दिसलं पाहिजे: रानासाठी दुर्बीण कशी निवडावी

माझी पहिली दुर्बीण मी आकड्याला भुलून घेतली. खोक्यावर २०×५० असं ठळक छापलं होतं आणि वीसपट म्हणजे आठपटीपेक्षा चांगलंच, असं मला वाटलं. पहिल्याच संध्याकाळी रानाच्या कडेला हरणांचा कळप आला. दुर्बीण डोळ्यांना लावली तर समोर थरथरणारा करडा पडदा. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी न बोलता गळ्यातली आपली जुनी ७×५० माझ्या हातात दिली. तिच्यातून तोच कळप पाहिला आणि एका मादीचा कान माशी उडवायला हललेला मला दिसला. दोन्ही दुर्बिणींची पुढची भिंगं सारखीच, ५० मिलिमीटरची. फरक होता तो प्रकाश डोळ्यांत किती पोचतो याचा.

त्या संध्याकाळनंतर मी बऱ्याच दुर्बिणी हाताळल्या, दोन विकल्या, एक परत केली. आता कुणी विचारलं की एवढंच सांगतो: प्राणी उजाडताना आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतात. त्या अर्ध्या तासात जी दाखवते, ती पैसे वसूल करणारी दुर्बीण. भर दुपारी सगळ्याच बऱ्या दिसतात.

हे सगळं शिकारीच्या दुर्बिणींनाही जसंच्या तसं लागू आहे. शिकार जिथे कायद्याने चालते तिथला शिकारी, कॅमेरावाला आणि नुसता वही घेऊन बसणारा, तिघांना एकाच उजेडात पाहायचं असतं. म्हणून ‘हंटिंग’ असं लिहिलेली दुर्बीण दिसली तर बाजूला सारू नका. पण त्या शब्दाचे किंवा झाडपानांच्या नक्षीचे जास्त पैसेही देऊ नका.

सोबत काय न्यावं

दुर्बीण पाहायला जाताना मोबाइलची विजेरी, मिलिमीटरच्या खुणांची पट्टी, एक पांढरा कागद आणि चष्मा असेल तर चष्मा. वेळ शक्य तर दिवस मावळण्याच्या सुमाराची ठेवा. विकत घेताना बिल, वॉरंटीचं कार्ड आणि परत करण्याची मुदत या तीन गोष्टी लेखी मागा. वॉरंटी तुमच्या देशात चालते का, हेही तेव्हाच विचारा.

१. आधी स्वतःला विचारा: कुठे बसणार, किती चालणार

दाट झाडीत प्राणी पन्नास-शंभर मीटरवर दिसतो आणि क्षणात आड होतो. तिथे सातपट-आठपट पुरते आणि रुंद दृश्य हवं. उघड्या माळावर किंवा डोंगरउतारावर समोरची धार किलोमीटरभर लांब असते. तिथे दहापट कामी येते. तासन्‌तास एकाच जागी बसून समोरचा डोंगर विंचरायचा असेल तर बारा-पंधरापटही चालते, पण तिपाईवर.

दिवसभर पायी हिंडणार असाल तर वजनाला मान द्या. चांगल्या ८×४२ चं वजन साधारण ६०० ते ८०० ग्रॅम असतं, ८×३२ बरीच हलकी असते. जड म्हणून घरी राहिलेली दुर्बीण कितीही चांगली असली तरी काय उपयोग?

२. दोन आकडे वाचायला शिका

८×४२ मधला पहिला आकडा किती पट जवळ दिसतं ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा. ४२ भागिले ८ म्हणजे ५.२५. दुर्बिणीतून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा हा व्यास. इंग्रजीत त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात, मी टिकली म्हणतो, कारण दुर्बीण हातभर लांब धरली की डोळ्याकडच्या काचेत ती खरोखर टिकलीसारखी दिसते.

आता तुमच्या डोळ्याची बाहुली बघा. लख्ख उन्हात ती दोन-तीन मिलिमीटरची असते. अंधारात तरुण माणसाची सातपर्यंत उघडते आणि वयानुसार पाचाच्या आसपास किंवा त्याखालीही येते. टिकली बाहुलीपेक्षा लहान असेल तर दृश्य काळवंडतं. माझ्या २०×५० ची टिकली अडीच मिलिमीटरची होती, त्या गृहस्थांच्या ७×५० ची सातहून थोडी जास्त. कानाचं कोडं तिथेच सुटलं.

८×४२ ची टिकली ५.२, १०×४२ ची ४.२, ८×३२ ची ४, खिशात मावणाऱ्या ८×२५ ची ३.१. युरोपात चांदण्यात मचाणावर बसणारे शिकारी ८×५६ वापरतात, तिची टिकली बरोबर ७. पन्नाशी ओलांडली असेल तर मात्र सात मिलिमीटरच्या टिकलीसाठी एवढं ओझं वाहू नका. बाहुलीच तेवढी उघडत नसेल तर उरलेला प्रकाश वाया जातो.

माहितीपत्रकात ‘ट्वायलाइट फॅक्टर’ म्हणून आणखी एक आकडा असतो. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचं. यात एक फसगत आहे. ८×५६ चा हा आकडा येतो २१.२ आणि १८×२५ चाही २१.२. पण पहिलीची टिकली सात मिलिमीटरची, दुसरीची दीडही नाही. संध्याकाळी दुसरीतून काहीच दिसणार नाही. म्हणून हा आकडा एकटा कधीच बघू नका.

पहिलीच दुर्बीण असेल आणि मन ठरत नसेल तर ८×४२ घ्या. दहापटीला हाताची थरथरही दहापट दिसते, दृश्य अरुंद होतं आणि पळता प्राणी सापडायला वेळ लागतो. उघड्या मुलखात राहणाऱ्यांनी माझं हे म्हणणं खुशाल बाजूला ठेवून १०×४२ घ्यावी.

३. दृश्याची रुंदी

ती दोन तऱ्हांनी लिहितात: अंशांत, किंवा हजार मीटरवर किती मीटर दिसतं ते. एक अंश म्हणजे हजार मीटरवर सुमारे साडेसतरा मीटर. आठपटीच्या चांगल्या दुर्बिणीत १२० ते १४० मीटर मिळतात, दहापटीत १०० ते ११५. काही ठिकाणी हाच आकडा हजार यार्डांवर किती फूट असा देतात, तेव्हा तुलना करताना एकक सारखं करून घ्या. रुंदी मोठी पण कडेचं सगळं पुसट असेल तर त्या रुंदीचा फारसा फायदा नाही.

४. आतले लोलक

दुर्बिणीत लोलक नसतील तर चित्र उलटं दिसेल. ते बसवायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पुढच्या नळ्या डोळ्यांपेक्षा रुंद, खांदे काढलेल्या अशा दिसल्या तर ती पोरो. इटलीच्या इग्नाझिओ पोरो यांनी १८५४ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं आणि १८९४ मध्ये जर्मनीच्या झाइस कंपनीने लोलकाच्या दुर्बिणी बाजारात आणल्या. नळ्या सरळसोट असतील तर ती रूफ.

पैशांचा हिशेब इथेच सुरू होतो. पोरोची रचना सोपी आहे, आत आरशाचा लेप लागत नाही. कमी पैशांत चित्र उजळ आणि खोलीचं भान देणारं मिळतं. रूफ आटोपशीर, मजबूत आणि पाणी अडवायला सोपी, पण तिची निर्मिती किचकट. लोलकाच्या छपरासारख्या कडेवर प्रकाश दोन वाटांनी फुटतो आणि पुन्हा जुळताना थोडा मागेपुढे होतो, त्यामुळे बारकावे बोथट होतात. यावरचा उपाय म्हणजे फेज कोटिंग, तो १९८८ मध्ये झाइसने आणला. आज मध्यम किमतीच्या रूफ दुर्बिणींतही तो मिळतो. ज्या रूफ दुर्बिणीच्या माहितीत त्याचा उल्लेख नाही ती मी घेणार नाही.

बहुतेक रूफ दुर्बिणींत लोलकाच्या एका बाजूला आरशासारखा लेप द्यावा लागतो. तो अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर प्रकाश बऱ्यापैकी गळतो, चांदीचा त्याहून बरा, डायइलेक्ट्रिक सगळ्यांत उत्तम: ९९ टक्क्यांहून जास्त प्रकाश परतवतो. संध्याकाळच्या उजेडात हा फरक डोळ्यांना कळतो.

लोलकाच्या काचेची दोन नावं वाचायला मिळतील, बीके७ आणि बॅक४. विशेषतः पोरोत बॅक४ बरी. ओळखायची कशी ते पुढे सांगतो.

थोडक्यात, खिसा हलका असेल तर चांगली पोरो घ्या, स्वस्त रूफ घेऊ नका. ही चूक नवखे सर्रास करतात, कारण सरळ नळ्या दिसायला नव्या वाटतात.

५. काचेवरचा लेप

बिनलेपाच्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत हवा आणि काच भेटतात असे दहा-पंधरा पृष्ठभाग सहज असतात. दहाच धरले तरी आत आलेल्या प्रकाशाचा तिसरा हिस्सा वाटेतच संपतो. १९३५ मध्ये झाइसमधल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी हे परावर्तन मारणारा लेप शोधला. आजचे अनेक थरांचे लेप ते अर्ध्या टक्क्यावर आणतात.

आता शब्द नीट वाचा, कारण सगळे जवळजवळ सारखेच वाटतात. ‘कोटेड’ म्हणजे कुठेतरी एक थर. ‘फुली कोटेड’ म्हणजे सगळीकडे एक थर. ‘मल्टीकोटेड’ म्हणजे काही ठिकाणीच अनेक थर. तुम्हाला हवं ते ‘फुली मल्टीकोटेड’: प्रत्येक पृष्ठभागावर अनेक थर. लालभडक चकाकणाऱ्या काचा दिसल्या तर दुर्बीण तिथेच ठेवून द्या. त्या काचा लाल प्रकाश बाहेर फेकतात आणि समोरचं रान हिरवट-निळं करून दाखवतात.

‘ईडी’ काच ही वेगळी गोष्ट. आकाशाच्या पार्श्वभूमीवरच्या फांदीला जांभळी-हिरवी कड दिसते, ती या काचेमुळे कमी होते. परवडत असेल तर घ्या, पण लेपाच्या आणि लोलकाच्या आधी तिला स्थान देऊ नका.

६. चष्मा आणि दोन डोळ्यांमधलं अंतर

चष्मेवाल्यांनो, हा भाग दोनदा वाचा. डोळा काचेपासून जितक्या अंतरावर ठेवून पूर्ण वर्तुळ दिसतं त्याला आय रिलीफ म्हणतात. चष्मा लावून पाहायचं असेल तर तो किमान १५ मिलिमीटर हवा, १६ ते १८ असेल तर निवांत. डोळ्याकडच्या कड्या फिरवून वरखाली होणाऱ्या असाव्यात आणि मधल्या टप्प्यांवर घट्ट थांबाव्यात. चष्मा असेल तर त्या पूर्ण आत, नसेल तर बाहेर.

दोन डोळ्यांमधलं अंतर बहुतेक दुर्बिणींत ५६ ते ७२ मिलिमीटरपर्यंत जुळवता येतं. लहान चेहऱ्याच्या माणसांना आणि मुलांना काही दुर्बिणी हव्या तितक्या मिटतच नाहीत, म्हणून हे अंगावर घालून बघायच्या कपड्यासारखंच आहे. दुसऱ्याने सुचवलेली दुर्बीण तुमच्या तोंडाला बसेलच असं नाही.

७. पाणी, धुकं, दव

आत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरून बंद केलेली दुर्बीण घ्या. थंडीतून उबेत आल्यावर तिच्या काचा आतून धुरकटत नाहीत. ‘आयपीएक्स७’ लिहिलेलं असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास राहून ती टिकते. ‘वेदर रेझिस्टंट’ हा शब्द मोघम आहे, त्यावर विसंबू नका.

८. हातात घेऊन तपासा

माहितीपत्रकाने जे सांगितलं ते खरं आहे का, हे पाच-सात मिनिटांत कळतं.

टिकली मोजा. दुर्बीण उजळ भिंतीकडे किंवा आकाशाकडे धरा, सूर्याकडे कधीही नाही. डोळ्याकडच्या काचेपासून फूटभर मागे येऊन बघा. दोन्ही टिकल्या गोल आणि कडेपर्यंत सारख्या उजळ हव्यात. कडा कापल्यासारख्या चौकोनी आणि करड्या दिसल्या तर आत बीके७सारखे कमी प्रतीचे लोलक आहेत. मग पट्टी लावा. ८×४२ ची टिकली पाच मिलिमीटरहून थोडी जास्त यायला हवी. चारच भरली तर आतल्या कड्यांनी प्रकाश अडवला आहे आणि तुमची ४२ ची दुर्बीण प्रत्यक्षात ३२ ची आहे. स्वस्तातल्या दुर्बिणींत ही लबाडी मी पट्टीने पकडली आहे.

विजेरी पेटवून पुढच्या काचेत तिरकं बघा. एकामागे एक प्रतिबिंबं दिसतील. सगळी मंद, हिरवट किंवा जांभळट असली तर लेप सगळीकडे आहे. मध्येच एखादं पांढरंशुभ्र चमकलं तर तो पृष्ठभाग बिनलेपाचा. विजेरी पलीकडून मारून आत धूळ, ओरखडे किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का तेही बघा.

दोन्ही नळ्या एका रेषेत आहेत का, हे सगळ्यांत महत्त्वाचं. लांबच्या छपराची कड किंवा विजेची तार बघा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दहा-पंधरा सेंटिमीटर पुढे न्या. दोन वर्तुळांत ती रेषा एकाच उंचीवर राहिली पाहिजे. वरखाली झाली तर नळ्या वाकड्या आहेत. अशी दुर्बीण मेंदू काही वेळ सांभाळून घेतो, मग डोकं धरतं. मी परत केलेली ती हीच. दोन दिवस मी डोकेदुखीचा दोष उन्हाला देत होतो.

शेवटी फोकसचं चाक. ते कुठेही न अडकता, मोकळं न फिरता, एका बोटाने वळलं पाहिजे. बिजागरी घट्ट हवी, नाहीतर दर वेळी डोळ्यांचं अंतर बिघडेल. बिजागरीच्या पुढच्या टोकाला तिपाईचा आटा आहे का, हेही बघून घ्या.

उजेड उतरायला लागला की बाहेर या, झाडाखालच्या सावलीत पांढरा कागद लावायला सांगा आणि त्यावर लिहिलेलं किती उशिरापर्यंत वाचता येतं ते दोन दुर्बिणींत आलटून पालटून बघा. इतकी बोलकी चाचणी दुसरी नाही.

९. यांच्यापासून लांब राहा

झूम दुर्बिणी, म्हणजे १०-३०×५० छापाच्या. पट वाढवली की टिकली आकसते, दृश्य नळीएवढं होतं आणि हलत्या भागांमुळे दोन्ही नळ्या एका रेषेत राहणं अवघड जातं.

‘डे अँड नाइट’ किंवा ‘नाइट व्हिजन’ लिहिलेल्या साध्या दुर्बिणी. रात्री पाहण्याचं यंत्र बॅटरीवर चालतं. नुसत्या काचेला अंधारात पाहता येत नाही.

खिशातल्या दुर्बिणीवर छापलेले ३०×६० सारखे आकडे. पट्टी लावली की पुढचं भिंग तिशीही गाठत नाही.

फोकसचं चाकच नसलेल्या ‘फोकस फ्री’ दुर्बिणी. जवळचं त्यांत धूसर दिसतं आणि डोळे थकतात.

१०. पैसे कुठे घालावेत

अगदी खालच्या पायरीवरून मध्यम पायरीवर गेलात तर फरक डोळ्यांत भरतो. मध्यम पायरीवरून झाइस, लायका, स्वारोव्हस्कीच्या वरच्या पायरीवर गेलात तर पैसे कितीतरी पटींनी वाढतात आणि फरक उरतो तो कडेच्या स्पष्टतेत, उलट्या प्रकाशात आणि शेवटच्या काही मिनिटांत. आठवड्यातून चार दिवस रानात असणाऱ्याला तो मोलाचा आहे. नवख्याने मधल्या पायरीवर थांबावं.

माझा क्रम असा: नळ्या सरळ असणं, फुली मल्टीकोटेड लेप, रूफ असेल तर फेज कोटिंग, तोंडाला बसणं, पाणीबंद असणं, मग डायइलेक्ट्रिक आरसा आणि शेवटी ईडी काच. उरलेल्या पैशांतून पाठीवरून घ्यायचा दुपदरी पट्टा घ्या. मान वाचते आणि वाकल्यावर दुर्बीण दगडावर आपटत नाही.

जुनी घ्यायलाही हरकत नाही. फक्त बुरशी आणि नळ्यांची रेषा स्वतः तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

११. घरी आणल्यावर

पहिल्या दिवशी ती तुमच्या डोळ्यांना जुळवून घ्या. बिजागरी हलवून दोन वर्तुळांचं एक होऊ द्या. उजवी पुढची काच हाताने झाका, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि मधल्या चाकाने लांबची एखादी पाटी डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावी काच झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडीवरची खूण लक्षात ठेवा. काही दुर्बिणींत ही कडी डावीकडे किंवा मध्ये असते, तिथे क्रम त्यानुसार बदला. कित्येक जण हे न करताच वर्षानुवर्षं अर्धवट धूसर बघत राहतात.

प्राणी दिसला की नजर त्याच्यावरच खिळवून दुर्बीण वर आणा, खाली बघून उचलू नका. बसून कोपर गुडघ्यांवर टेकले की थरथर निम्म्याहून कमी होते. रान बघताना दुर्बीण फिरवत राहू नका. एका जागी थांबा, चौकटीच्या कडांपर्यंत नजर फिरवा, मग पुढच्या जागी जा. आख्खा प्राणी शोधू नका: उभ्या खोडांमध्ये पाठीची आडवी रेघ, एखादा पाय, कानाची कड शोधा.

बंदूक हाती असणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठणकावून सांगतो. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून कधीही चाचपणी करू नका. जिथे नजर जाते तिथेच नळीही रोखलेली असते, आणि झुडपामागे माणूस असू शकतो. ओळख गळ्यातल्या दुर्बिणीने पटवायची.

काच पुसताना आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, मग काचेचं कापड. सदऱ्याच्या टोकाने पुसलंत तर धुळीचे कण लेपावर ओरखडे काढतात आणि ते परत भरून येत नाहीत. दमट दिवसांत चामड्याच्या पेटीत बंद करून ठेवू नका, बुरशी तिथेच धरते. सिलिका जेलच्या पुड्या घातलेला घट्ट झाकणाचा डबा पुरतो. रानातून भिजून आलात तर आधी दुर्बीण उघड्यावर सुकू द्या, मग डब्यात ठेवा.